डोळ्यांखालच्या पिशव्या : शस्त्रक्रियेचे आणि शस्त्रक्रियेविना होणारे उपचार

भिलाई-३ (जि. दुर्ग, छत्तीसगड) : रायपूर-दुर्ग महामार्गावरील भिलाई-३ आणि लगतच्या चरोदा परिसराचे घड्याळ सूर्याच्या उदयास्तावर चालत नाही. चरोद्याचे मालगाड्यांचे मार्शलिंग यार्ड रात्रभर जागे असते. जवळच्या भिलाई पोलाद कारखान्यात १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून तेथील काम पाळ्यांमध्ये चालत आले आहे. अशा वस्तीत कोणाच्या डोळ्यांखाली फुगवटा दिसला की त्याचे खापर रात्रपाळीवर फुटते आणि विषय तेथेच संपतो. जागरणाने फुगवटा अधिक उठून दिसतो, हे खरे. परंतु महिनाभर रजा घेऊन पुरेशी झोप काढल्यावरही तो जागचा हलत नसेल, तर त्याचे मूळ अन्यत्र असते आणि उपचारही वेगळा असतो.

‘डोळ्यांखालच्या पिशव्या’ या एकाच नावाखाली निदान चार निरनिराळ्या गोष्टी वावरतात : साचलेले पाणी, पुढे सरकलेली चरबी, गालाजवळची खळगी आणि त्वचेचा काळसरपणा. एका प्रकाराला लागू पडणारा उपचार दुसऱ्याला निरुपयोगी ठरतो, क्वचित घातकही. या उपचारांबद्दलची बहुतेक निराशा उपचार वाईट असल्याने नव्हे, तर भलत्याच प्रकारावर केल्याने पदरी पडते.

फुगवटा कशाचा?

नेत्रगोल कवटीतील एका हाडाच्या खोबणीत, म्हणजे नेत्रगुहेत, चरबीच्या मऊ गादीवर विसावलेला असतो. खालच्या पापणीमागे ही चरबी नाकाकडची, मधली आणि कानाकडची अशा तीन कप्प्यांत विभागलेली असते. तिला आत थोपवून धरणारा एक पातळ पडदा असतो. वय वाढते तसा हा पडदा सैल पडतो, पापणीचा स्नायू शिथिल होतो आणि चरबी पुढे डोकावू लागते. त्याच सुमारास गालाचा उंचवटा खाली उतरतो आणि हाडाच्या कडेलगत एक खळगी उघडी पडते. वर उंचवटा आणि खाली खळगी अशी जोडी जमली की सावली पडते आणि माणूस सदैव थकलेला दिसतो. काही घराण्यांत हा पडदा मुळातच नाजूक असतो. आजोबांच्या, वडिलांच्या तरुणपणीच्या छायाचित्रांत तोच फुगवटा दिसत असेल, तर झोपेला दोष देण्यात अर्थ नाही.

पाणी साचण्याचा प्रकार निराळा. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक आहे आणि तिच्याखालच्या सैल ऊतींत पाणी सहज शिरते. रात्रभर आडवे राहिल्याने ते चेहऱ्याकडे सरकते आणि उठून चालू लागल्यावर दुपारपर्यंत ओसरते. त्यामुळे सकाळी भरलेला आणि संध्याकाळी सपाट झालेला फुगवटा बहुधा पाण्याचा असतो. दिवसभर जसाच्या तसा राहणारा आणि मान स्थिर ठेवून नजर वर नेली असता अधिकच पुढे येणारा फुगवटा चरबीचा असतो. डोक्यावरच्या दिव्याखाली आरशात काळे वर्तुळ दिसते आणि समोरून उजेड पाडताच नाहीसे होते, तेव्हा ती केवळ खळगीची सावली असते. त्वचा हलकेच ताणली, उजेड बदलला, तरी रंग कायम राहिला तर तो त्वचेतील रंगद्रव्याचा काळसरपणा होय. रात्रपाळीच्या माणसाने या कसोटीत ‘सकाळ’ म्हणजे स्वतःची झोपेतून उठण्याची वेळ धरावी, मग ती दुपारी तीनची का असेना.

आणखी एक प्रकार अनेकदा नजरेतून निसटतो. हाडाच्या कडेखाली, थेट गालावर, झोळीसारखी लोंबणारी सूज दिसते. तिला वैद्यकीय भाषेत ‘फेस्टून’ म्हणतात. पापणीवरच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेने ती जात नाही. शस्त्रक्रियेनंतर ‘पैसे वाया गेले’ अशी तक्रार करणाऱ्यांत या प्रकाराचे रुग्ण असतात, कारण वरची पिशवी गेल्यावर खालची झोळी अधिकच ठळक दिसू लागते.

सौंदर्याचा प्रश्न नसतो तेव्हा

सुजलेल्या पापण्या काही वेळा एखाद्या आजाराची पहिली सूचना असतात. मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिने वाहून जाऊ लागली की सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, मागाहून पाय सुजतात आणि लघवीला फेस येतो. लहान मुलाच्या पापण्या अशा सुजल्या, तर ती ॲलर्जी समजून आठवडे घालवू नयेत. लघवीची एक साधी तपासणी पुष्कळ काही सांगून जाते. थायरॉईडचे कार्य मंदावले तर चेहरा व पापण्या भरल्यासारख्या दिसतात. थायरॉईडशी निगडित नेत्रविकारात डोळे पुढे येतात, पापण्या वर खेचल्या जातात, कधी एकाचे दोन दिसतात. हा विकार धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळतो आणि अधिक तीव्रही होतो. तो सक्रिय असताना सौंदर्यासाठी पापणीला हात लावणे ही चूक ठरते.

एकाच डोळ्याला अचानक सूज, लाली, ताप, नेत्रगोल हलविताना वेदना किंवा नजर मंदावणे, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठणे आवश्यक आहे. औषध घेतल्यावर, विशिष्ट अन्न खाल्ल्यावर किंवा कीटक चावल्यावर पापण्यांबरोबर ओठ सुजले आणि श्वास लागू लागला, तर तो तीव्र ॲलर्जीचा झटका असू शकतो आणि तेथे मिनिटे मोलाची असतात.

शस्त्रक्रियेविना होणारे उपचार

पाण्याच्या सुजेवर घरगुती उपाय खरोखरच चालतात. स्वच्छ रुमालात गुंडाळलेल्या गार पाण्याच्या पट्ट्या दहा-पंधरा मिनिटे ठेवल्याने रक्तवाहिन्या आकसतात. गार चमचा, काकडीच्या चकत्या, थंड केलेल्या चहाच्या पिशव्या यांचा गुण मुख्यतः त्यांच्या गारव्यात आहे. बर्फ थेट पापणीवर ठेवू नये. उशाशी थोडी उंची दिल्यानेही फरक पडतो.

मिठाचा मुद्दा छत्तीसगडात विशेष महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात येथील घराघरांत आंबवलेल्या भाताची ‘बासी’ खाल्ली जाते. ती स्वतः हलकी आणि थंडावा देणारी असली, तरी सोबतचे मीठ, लोणचे आणि पापड हिशेबात धरावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे अशी आहे, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणच्यापापडातील मीठही आले. भट्टीजवळ घाम गाळणाऱ्या कामगाराने मात्र मीठ स्वतःच्या मनाने तोडू नये. उष्णतेत काम करणाऱ्यांनी पाणी व क्षार यांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

धूळ, परागकण किंवा घरातल्या कीटकांची ॲलर्जी असणाऱ्यांत डोळे चोळण्याची सवय हाच मोठा शत्रू असतो. चोळल्याने सूज वाढते आणि कालांतराने त्वचा काळवंडते. अशा रुग्णाला महागड्या मलमापेक्षा ॲलर्जीवरील थेंब व गोळ्यांचा अधिक उपयोग होतो.

बाजारातील मलमांकडून वाजवी अपेक्षा ठेवाव्यात. कॅफिनयुक्त मलम काही तासांपुरती सूज उतरवते. रेटिनॉलने त्वचेचा पोत महिन्यांच्या वापरानंतर थोडा सुधारतो, परंतु डोळ्यांजवळ ते चुरचुरते आणि गर्भवतींनी ते टाळायचे असते. पुढे आलेली चरबी मात्र जगातील कोणतेही मलम मागे ढकलू शकत नाही. जाहिरातीतील ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे प्रकाशाची दिशा बदलून काढली आहेत का, हे वर सांगितलेल्या सावलीच्या कसोटीने वाचकाला स्वतःच ताडता येईल.

गोरेपणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांपासून मात्र दूर राहावे. त्यांनी त्वचा आणखी पातळ होते. पापणीवर दीर्घकाळ लावल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूचा, तसेच मोतीबिंदूचा धोका संभवतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइड औषधांचा अनुसूची ‘एच’मध्ये समावेश करून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांच्या विक्रीला मनाई केली. तरीही ‘मैत्रिणीला गुण आला’ या शिफारशीवर अशी ट्यूब घरात येते, हे वास्तव आहे.

खळगी हीच मुख्य अडचण असेल, तर हायलुरॉनिक आम्लाचे ‘फिलर’ सुईने भरून उंचवटा व खळगी यांतील फरक कमी करता येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डोळ्यांखालच्या खळगीसाठी अशा फिलरला पहिली मान्यता २०२२ मध्ये दिली. त्यापूर्वी अनेक वर्षे हे इंजेक्शन मान्य उपयोगाच्या कक्षेबाहेर दिले जात होते. परिणाम साधारण वर्षभर टिकतो, काहींच्या ऊतींत द्रव्य त्याहून बराच काळ रेंगाळते. ते पाणी शोषून घेते, त्यामुळे ज्यांना मुळातच सकाळी सूज येते त्यांची पिशवी फिलरने वाढू शकते. वरवर भरले गेल्यास त्वचेखाली निळसर छटा दिसते. हायलुरोनिडेज नावाच्या विकराने ते विरघळविता येते, ही जमेची बाजू.

फिलरचा सर्वांत गंभीर धोका विरळ आहे, पण तो माहीत असलाच पाहिजे. द्रव्य चुकून रक्तवाहिनीत शिरले तर त्वचेचा भाग मृत होऊ शकतो, आणि ते दृष्टिपटलाच्या धमनीपर्यंत पोहोचले तर कायमचे अंधत्व येऊ शकते. म्हणूनच ब्यूटी पार्लरच्या खुर्चीत, विकराची कुपी हाताशी नसताना, डोळ्याजवळ सुई टोचून घेणे हा सौदा स्वस्त नव्हे.

लेझर व रेडिओ-फ्रीक्वेन्सी यांचा उपयोग सैल, सुरकुतलेल्या त्वचेला थोडे आवळण्यापुरता आहे. भारतीयांच्या सावळ्या त्वचेत लेझरनंतर डाग उमटण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो. त्यामुळे यंत्राची शक्ती, सत्रांतील अंतर आणि उन्हापासूनचा बचाव यांकडे काटेकोर लक्ष द्यावे लागते. छत्तीसगडच्या एप्रिल-मेच्या उन्हात असा उपचार आरंभणे शहाणपणाचे नाही. बोटॉक्स हे डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांवरचे औषध आहे. पिशवीवर त्याचा उपयोग नाही, उलट स्नायू शिथिल होऊन ती अधिक लोंबू शकते.

शस्त्रक्रिया : काढण्यापासून सरकविण्यापर्यंत

खालच्या पापणीच्या शस्त्रक्रियेला ‘ब्लेफरोप्लास्टी’ म्हणतात. या शब्दाचा उगम शोधताना वाट पुण्यावरून जाते. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याच्या बैलगाड्या हाकणाऱ्या कावसजी नावाच्या इसमाचे नाक कापले गेले. पुढे पुण्यातील एका कारागीर-वैद्याने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसविले. त्याचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तशा शस्त्रक्रिया केल्या आणि १८१६ मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. पाठोपाठ १८१८ मध्ये बर्लिनचे कार्ल फॉन ग्रेफे यांचा नाकाच्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ आला. त्याच वर्षी त्यांनी पापणीच्या दुरुस्तीसाठी ‘ब्लेफरोप्लास्टी’ हा शब्द वापरला. तेव्हा त्याचा अर्थ रोगाने वा इजेने नष्ट झालेली पापणी पुन्हा घडविणे असा होता. थकलेला चेहरा ताजा दिसावा म्हणून ती करण्याचा काळ बराच नंतरचा.

आज दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात पापणीच्या आतील बाजूने, नेत्रश्लेष्मलेतून छेद घेतला जातो. फ्रान्सच्या जुलियन बुर्गे यांनी १९२४ मध्ये हा मार्ग वर्णिला. बाहेर व्रण दिसत नाही आणि पापणी खाली ओढली जाण्याची शक्यता कमी राहते. ज्यांची त्वचा अजून घट्ट आहे आणि तक्रार केवळ चरबीची आहे, अशा तुलनेने तरुण रुग्णांना तो योग्य. दुसऱ्यात पापण्यांच्या केसांच्या अगदी खाली छेद घेऊन जादा त्वचाही कापता येते. वयस्कांत, त्वचा सैल असताना, तो स्वीकारला जातो. त्यात त्वचा किती कापायची याचा अंदाज एक-दोन मिलिमीटरने चुकला तरी पापणी बाहेर वळते, डोळा पुरता मिटत नाही आणि कोरडा पडतो.

चरबीचे काय करायचे, याबद्दलचा विचार गेल्या काही दशकांत पालटला आहे. पूर्वी ती सढळ हाताने काढून टाकली जाई. रुग्ण वर्षभर खूश असे, पण दहा-पंधरा वर्षांनी उरलीसुरली चरबीही वयानुसार आटली की डोळे खोल गेलेले, आजारी दिसू लागत. ब्राझीलचे राउल लोएब यांनी १९८१ मध्ये चरबी फेकून न देता ती खालच्या खळगीत सरकविण्याची पद्धत मांडली. उंचवटा उतरतो आणि खळगी भरते, अशी दोन कामे एकाच चरबीने होतात. आज अनेक शल्यविशारद याच दिशेने विचार करतात आणि चरबी काढलीच तर जपून काढतात. पापणी फार सैल असेल, तर तिचा बाहेरचा कोपरा हाडाच्या आवरणाला टाका घालून आवळला जातो.

शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून, गुंगीचे औषध देऊन होते आणि तिला साधारण एक ते दोन तास लागतात. त्याआधी तीन गोष्टी तपासल्या गेल्या की नाहीत, हे रुग्णाने स्वतः पाहावे. पहिली, दृष्टीची नोंद. दुसरी, डोळ्यातील अश्रूंचे मापन : यासाठी कागदाची पट्टी पापणीत ५ मिनिटे अडकवितात. तिसरी, पापणीचा ताण : पापणी चिमटीत धरून नेत्रगोलापासून दूर ओढतात. ती ६ मिलिमीटरहून अधिक सुटली किंवा सोडल्यावर सावकाश परतली, तर ती सैल समजतात. या तपासण्या न करता थेट तारीख देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही.

पहिली रात्र

या शस्त्रक्रियेतील सर्वांत भीतिदायक गुंतागुंत म्हणजे नेत्रगोलामागे रक्तस्राव. सौंदर्यासाठी केलेल्या पापण्यांच्या शस्त्रक्रियांच्या २००४ मधील एका मोठ्या पाहणीत नेत्रगुहेतील रक्तस्रावाचे प्रमाण सुमारे २,००० मध्ये एक, तर कायमच्या दृष्टिनाशाचे प्रमाण सुमारे २२,००० मध्ये एक असे आढळले. धोका अल्प आहे. पण तो ओढवला तर वेळेचा हिशेब तासांत नव्हे, मिनिटांत होतो. साचलेल्या रक्ताने नेत्रगुहेतील दाब वाढतो आणि दृष्टिपटल व दृष्टिमज्जातंतूचा रक्तपुरवठा अडतो. ही स्थिती दीड तासाच्या आसपास टिकली तर हानी भरून न येणारी ठरू शकते. उपचार साधा आहे : टाके सोडणे आणि पापणीचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करणे. मात्र तो तत्काळ व्हावा लागतो.

भिलाई-३ च्या रुग्णासाठी या आकड्यांचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. येथून लोक उपचारासाठी रायपूरला जातात आणि नातलग असले तर हावडा-मुंबई मार्गावरील गाडीने नागपूरलाही. वैदर्भीय कुटुंबांना नागपूर जवळचे वाटते यात नवल नाही. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानीही नागपूरच होती. परंतु सकाळी शस्त्रक्रिया आणि संध्याकाळच्या गाडीने घरी, हा बेत आखू नये. रक्तस्राव झालाच तर तो प्रामुख्याने पहिल्या २४ तासांत होतो आणि धावत्या गाडीत त्यावर काहीही करता येत नाही. पहिली रात्र शस्त्रक्रियेच्या रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत, जागी राहू शकणाऱ्या सोबत्यासह काढावी. रुग्णाचा प्रत्येक डोळा वेगवेगळा झाकून समोरची अक्षरे वाचता येतात का, हे सोबत्याने दर तासा-दोन तासांनी पाहावे. वाढती, ठणकणारी वेदना, एकच डोळा टणक होऊन पुढे येणे, नजर अंधुक होणे, यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये आणि केवळ वेदनाशामक गोळी देऊन रुग्णाला झोपवू नये. डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधून ठेवली तर ही लक्षणे झाकली जातात, म्हणून ती सहसा टाळतात.

रक्तस्रावाला निमंत्रण देणाऱ्या गोष्टी आधीच आवराव्या लागतात. रक्तदाब आटोक्यात हवा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे, काही वेदनाशामके, माशाच्या तेलाच्या गोळ्या यांची पूर्ण यादी डॉक्टरांसमोर ठेवावी. हृदयविकारासाठीची गोळी मात्र हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याविना बंद करू नये. पिशवी घालविण्यासाठी हृदय पणाला लावण्यात काही हशील नाही. तंबाखूने जखम भरण्यास विलंब लागतो. या भागात ‘गुडाखू’ हिरड्यांना चोळण्याची सवय पुष्कळांना आहे आणि ‘तुम्ही धूम्रपान करता का’ या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. निकोटिन कोणत्या वाटेने शरीरात जाते याने फरक पडत नाही, त्यामुळे ही सवय डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

टाके साधारण ५ ते ७ दिवसांत निघतात. काळेनिळेपणा व सूज दहा-पंधरा दिवस दिसते. तितके दिवस वाकून जड उचलणे, भट्टीसमोरचे काम आणि शक्यतो रात्रपाळी टाळावी लागते. यार्डात किंवा कारखान्यात काम करणाऱ्याने रजेचा अर्ज दोन आठवड्यांचा करावा, चार दिवसांचा नव्हे. अंतिम आकार दिसायला काही महिने लागतात. तोवर एक डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा अधिक सुजलेला दिसणे स्वाभाविक असते.

खर्च आणि ठिकाण

आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांत सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे आणि आयुष्मान भारत योजनेतही तिला स्थान नाही. आरोग्यसेवेला मिळणारी जीएसटीची सूटही तिला लागू होत नाही. ती सूट जन्मजात दोष, शरीराच्या वाढीतील विकृती किंवा दुखापत यांतून बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करण्याच्या शस्त्रक्रियेपुरती आहे. म्हणजे खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो. अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागलीच तर तिचा भार कोणावर, हेही त्यात नमूद करून घ्यावे.

पहिली तपासणी महाग नसते. भिलाईच्या सेक्टर ९ मधील पंडित जवाहरलाल नेहरू रुग्णालय जळीत रुग्णांवरील उपचारांसाठी या पट्ट्यात परिचित आहे. रायपूरच्या टाटीबंध येथील एम्समध्ये नेत्ररोग आणि प्लास्टिक सर्जरी हे दोन्ही विभाग आहेत. सार्वजनिक रुग्णालयांत भाजलेल्या व अपघातग्रस्त रुग्णांना अग्रक्रम मिळणार, हे गृहीत धरावे. फुगवटा कोणत्या प्रकारचा आहे आणि त्यामागे मूत्रपिंड वा थायरॉईड तर नाही, याचा निवाडा तेथे होऊ शकतो. खासगी ठिकाणी जाताना डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतील एम. सीएच. पदवीधर आहेत की पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे विशेष प्रशिक्षण घेतलेले नेत्रशल्यविशारद, हे विचारावे. राज्य वैद्यक परिषदेतील त्यांचा नोंदणी क्रमांकही विचारून घ्यावा. छत्तीसगडमध्ये खासगी रुग्णालये व दवाखान्यांना २०१० च्या राज्य कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो. तो पाहण्यास मागण्याचा संकोच रुग्णाने बाळगू नये. शस्त्रक्रियेच्या रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारून त्या व्यक्तीचे नाव व क्रमांक लिहून घ्यावा.